नवीन हात

बापूजींच्या दुकानात काचेच्या काउंटरवर दोन रेझर शेजारी शेजारी ठेवलेले होते, एक चकचकीत आणि एक पितळी. त्यांचा फोटो काढून सुमंतने बायकोला पाठवला तो निव्वळ गंमत म्हणून. खाली लिहिलं, 'कोणता घेऊ?' पडदे घेताना, चपला घेताना माणूस पाठवतो तसा. उत्तरा काय लिहील हे त्याला पाठ होतं. लिहील, मले काय समजते त्यातलं, तुमची दाढी तुम्ही पाहा. नाहीतर एखादं हसणारं पिवळं तोंड पाठवून मोकळी होईल. पण फोन खिशात जायच्या आतच थरथरला. उत्तराने लिहिलं होतं, 'चकचकीत घ्या. पितळीचे दात उघडे आहेत. नवीन हाताले लागते.' सुमंतने ते वाचलं, काउंटरवरच्या पितळी रेझरकडे पाहिलं, आणि पुन्हा वाचलं. बापूजींनी विचारलं, 'काय म्हणून राहिल्या वहिनी?' तर 'काही नाही' म्हणून त्याने फोन पालथा ठेवला. मनात काहीतरी बारीक टोचलं होतं. ते काय होतं हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याला लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते टोचणं गेलं नाही.

तसं पाहिलं तर हे प्रकरण त्याच्या मानेपासून सुरू झालं होतं. कॉलेज सुटल्यापासून तो ते प्लॅस्टिकच्या मुठीचे, एकावर एक पाती रचलेले रेझर वापरत आला होता, आणि तेव्हापासून त्याच्या गळ्यावर तांबडे फोड उठत आले होते. पितृपक्ष लागला की दाढी बंद. वडील गेल्यावर त्याने हे पाळायला घेतलं ते भक्तीने कमी आणि सोयीने जास्त; फोडांना तेवढीच सुट्टी मिळायची. यंदा पितृपक्ष जवळ येऊ लागला तसा विमा कंपनीच्या ऑफिसात समोरच्या टेबलावर बसणारा प्रशिक त्याच्या मागे लागला. प्रशिक तिशीतला, सोललेल्या अंड्यासारखा चेहरा घेऊन रोज येणारा, आणि नवा नाद लागलेल्या माणसाच्या उत्साहाने सगळ्यांना आपल्या वाटेला लावू पाहणारा. 'सर, तुम्ही चार पात्यांनी एकच केस चारदा कापून राहिले,' तो म्हणाला. 'चामडी काय करीन बिचारी? एका पात्यावर या. आपल्या बापजाद्यांचा रेझर घ्या.' मग डबा खाताना त्याने शिकवणी लावली. पात्याखाली एक पट्टी असते. ती सरळ, बंद असली तर रेझर गरीब. नवशिक्याच्या चुका पोटात घालतो. तीच कंगव्यासारखी दातेरी असली तर कडक. दाट दाढी एका ओढीत साफ करतो, पण हात चुकला की माफी नाही. मूठ लांब की आखूड, वजन किती, पातं कुठलं, हे सगळं त्यानंतर. आणि काहीही घेतलं तरी दाबायचं नाही. 'वजन त्याचं त्याले करू द्या सर. तुम्ही फक्त सोबत जा.' सुमंत हा प्रेशर कुकर घ्यायला दोन दिवाळ्या लावणारा माणूस. त्याने घरी बसून माणसांचे गाल जवळून दाखवणारे व्हिडिओ पाहिले, गरीब की कडक यावर परक्या देशांतले लोक हमरीतुमरीवर आलेले वाचले, आणि शेवटी काहीच न ठरवता नागपूरच्या बडकस चौकापुढच्या गल्लीतल्या बापूजींकडे येऊन उभा राहिला. पितृपक्षात दाढीचं सामान घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पाहून बापूजींनाच नवल वाटलं होतं.

एवढं सगळं करून त्याला जे समजलं होतं, ते उत्तराने अंगठ्याएवढ्या फोटोवरून डोळ्याची पापणी लवायच्या आत ओळखलं. चित्रकला शिकवणारी बाई ती. तिचा दाढीशी काय संबंध? दातांना दात म्हणतात हे तिला कसं माहीत? आणि 'लागते' असं लिहिलं होतं तिने. लागेल म्हणून नाही, लागत असावं म्हणूनही नाही. लागते. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस सांगतं तसं. सुमंतच्या मनात उत्तर केव्हाच येऊन बसलं होतं, तो फक्त त्याच्याकडे बघत नव्हता. त्या उत्तराचं नाव विक्रम होतं. उत्तराचा पहिला नवरा. उमरेडच्या खाणीत इंजिनिअर होता, मेंदूत गाठ होऊन गेला. सुमंतशी लग्न व्हायच्या तीन वर्षं आधी. सुमंतने ते लग्न केलं तेव्हा नातेवाइकांनी त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं होतं, आणि कौतुक कुणाला आवडत नाही? त्यानेही ते मन जपलं, घासूनपुसून लख्ख ठेवलं. विक्रमबद्दल एक प्रश्न विचारला नाही. दिवाणखान्यात फोटो लावायचा असेल तर लाव म्हणाला. तिनेच नको म्हटलं. पितृपक्षात विक्रमच्या तिथीला घरात पान वाढायचं, हेही त्यानेच सुचवलं. सहा वर्षं तो या मोठ्या मनात सुखाने राहिला, आणि आता एका दातेरी पट्टीपायी त्याला कळलं, की आपण कधी विचारलं नाही याचं कारण मोठेपणा नव्हताच. विचारायची छाती नव्हती. 'बांधून काय देऊ?' बापूजी म्हणाले. 'नवीन माणसाले हा चकचकीत बरा, भाऊ. मी बी हेच सांगीन.' सुमंतने पितळी उचलला. 'हा द्या,' तो म्हणाला. त्याला स्वतःलाच आपला आवाज परका वाटला.

घरी उत्तरा स्वयंपाकघरात दोडके सोलत होती. तिने हात पुसून पुडी उघडली, पितळी मूठ बोटांत फिरवून पाहिली आणि विचारलं, 'हाच घेतला? काहून?' 'चकचकीत संपले होते,' सुमंत म्हणाला. इतका उघडा खोटेपणा त्याने लहानपणीही केला नव्हता. फोटोत चकचकीत रेझर काउंटरवर पडलेला दिसत होता. उत्तराने त्याच्याकडे पाहिलं, रेझर पुन्हा पुडीत घातला आणि दोडका हातात घेतला. तिने तेव्हा विचारलं असतं, खोटं काहून बोलून राहिले, तर बहुतेक सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. पण समजूतदार माणसं घरात असली की भांडणं मिटत नाहीत, मुरतात. सुमंत ओट्याला टेकून तिच्या हाताकडे पाहत राहिला. सोलाणं तिने तिरकं धरलं होतं, दोडक्यावर नुसतं टेकवलेलं, आणि शिरा सुटून खाली पडत होत्या. ती दाबत नव्हती. गेली सहा वर्षं तो हे हात भाजी सोलताना बघत होता. आज पहिल्यांदा त्याला वाटलं, हे हात कुठेतरी शिकून आले आहेत.

मग पंधरवडाभर दाढी वाढत गेली आणि दाढीखाली हे टोचणं. दाढी करायची नाही, त्यामुळे रेझर वापरता येत नव्हता. तो न्हाणीघरातल्या फळीवर नुसता उभा होता, आणि सकाळी दात घासताना सुमंतच्या डोळ्यांसमोर येत होता. समोर आला की चित्रं सुरू. उमरेडचं खाणीचं क्वार्टर त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण आता त्याला तिथलं अंगण दिसू लागलं. पेरूच्या झाडाला खिळा ठोकून आरसा टांगलेला. विक्रम बनियनवर, तोंडाला फेस. उत्तरा, पंचविशीतली, वेणी अजून ओली, त्याच्या हातातून रेझर हिसकावून घेते. मले करू दे. कापशील. नाही कापणार. मग ती आपले गाल फुगवून दाखवते आणि तो फुगवतो. हे सगळं सुमंतने स्वतःच रचलेलं होतं, पेरूचं झाडसुद्धा, आणि स्वतः रचलेल्या गोष्टीवर तो जळत होता. जळणं म्हणजे काय हे त्याला यापूर्वी ठाऊक नव्हतं. प्रमोशन दुसऱ्याला मिळालं तेव्हा वाईट वाटलं होतं, पण ते वाईट वाटणं दोन दिवसांत उतरलं. हे उतरत नव्हतं. त्याला ती कमीजास्त प्रेम करते की काय, अशी शंका नव्हती. उत्तरा त्याच्यावर माया करत होती हे त्याला दिसत होतं. त्याला हवं होतं ते फार लहान होतं आणि म्हणूनच मिळणारं नव्हतं. तिची एक तरी गोष्ट पहिल्यांदा आपल्या वाट्याला आली आहे का? तिने पहिल्यांदा डोंगर पाहिला तो विक्रमबरोबर, समुद्र विक्रमबरोबर, पहिला भात करपवला तो विक्रमसाठी. सुमंतकडे आली तेव्हा तिला सगळं येत होतं. भात कधी करपला नाही. तो तिच्या आयुष्यात सराईत हातांच्या काळात आला होता.

आणि ती सुमंतला अहो म्हणत असे. आधी त्याला यात काही वाटलं नव्हतं; जुळवून केलेलं लग्न, दोघं पस्तिशीच्या पुढची, अहोच शोभतं. पण विक्रमचं नाव कधीमधी निघालं की ती विक्रम म्हणायची, नुसतं विक्रम, अरे-तुरेतलं. आता ते नाव तिच्या तोंडून निघालं नाही तरी सुमंतला ऐकू येऊ लागलं. ऑफिसात प्रशिक विचारी, 'मग सर, कधी उद्घाटन?' आणि पुन्हा सांगे, पहिल्या दिवशी वरून खाली, केस जातात तिकडेच जायचं, उलटं जायचं नाही, दाबायचं नाही. 'एक सांगू सर? कोणी घरचं करून देत असन तर बेस्ट. माझ्या आजोबाची दाढी माझी आजी करून देत होती. दुसऱ्याच्या हाताले पात्याचा कोन बरोबर दिसतो.' तो हे सहज बोलला आणि डब्याचं झाकण लावून उठून गेला. सुमंतसमोर दुपारभर एक फाईल उघडी पडली होती. घरचं कोणीतरी करून देतं. दुसऱ्याच्या हाताला कोन दिसतो. उत्तराने त्याला कधी म्हटलं नव्हतं, की मी करून देते. सहा वर्षं त्याचा गळा फोडांनी भरलेला ती रोज बघत होती, रात्री खोबरेल लावून देत होती, आणि असा रेझर असतो, असा कोन असतो, दाबायचं नसतं, हे सगळं माहीत असून तिने एक अवाक्षर काढलं नव्हतं. तेवढी एक कला तिने कुलपात ठेवली होती. माणूस मत्सरात पडला की त्याला हिशेब फार चांगले जमतात, आणि एकही बरोबर येत नाही.

पंचमीला सुमंतच्या वडिलांची तिथी झाली. उत्तराने वडे केले, खीर केली, तो पान घेऊन गच्चीवर गेला आणि कावळ्याची वाट पाहत उन्हात उभा राहिला. कावळे समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसून होते. त्याने हात जोडले, वडिलांना मनातल्या मनात दोन-चार आश्वासनं दिली, शेवटी 'या हो' असं उघड म्हणूनही पाहिलं. वडील आयुष्यभर रुसके होते आणि मेल्यावरही सुधारले नव्हते. डोक्यावर ऊन तापल्यावर एक कावळा आला, वड्याला चोच लावल्यासारखं केलं आणि गेला. दशमीला विक्रमची तिथी. त्याचं श्राद्ध उमरेडला त्याचा भाऊ करी, पण घरच्या रिवाजाप्रमाणे इकडेही पान वाढलं गेलं. ते गच्चीवर नेण्याचं काम दरवर्षी मोठ्या मनाने सुमंतच करत असे. यंदाही केलं. पान टेकवून तो पाठ वळवतो न वळवतो तोच पंखांची फडफड झाली. दोन कावळे एकदम. वडा गेला, खीर सांडली, भाताची मूद ओढली गेली, तिसरा आला तो पान उलटवून गेला. सुमंत जिन्याच्या दारात उभा राहून पाहत होता. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं तो स्वतःशीच पुटपुटला, आणि आपण एका गेलेल्या माणसाच्या वड्यावर जळतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. खाली उत्तराने विचारलं, 'शिवला का कावळा?' सुमंत म्हणाला, 'नाही अजून.' या महिन्यातलं हे त्याचं दुसरं खोटं होतं. उत्तराचा चेहरा उतरला. ती गच्चीवर गेली, आणि थोड्या वेळाने उलटं पान हातात घेऊन खाली आली. तिला सगळं कळलं होतं. तरी तिने एवढंच म्हटलं, 'जेवून घ्या.'

सर्वपित्री अमावास्या झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी घट बसवायची गडबड चालली होती, घंटा वाजत होती, आणि सुमंत न्हाणीघरात आरशासमोर उभा होता. ऑफिसला सुट्टी घेतली होती. एका दाढीसाठी सुट्टी घेणारा नागपुरातला तो बहुधा एकटाच असावा. त्याने गरम पाण्याने तोंड शेकलं, ब्रशने फेस केला, पातं घातलं, सगळं प्रशिकने सांगितल्याबरहुकूम. खिडकी डाव्या हाताला होती, उजेड डाव्या गालावर होता, म्हणून त्याने डावीकडून सुरुवात केली. पहिली ओढ कानाजवळून खाली. केस करकरत निघाले, आणि त्याला एकदम फार बरं वाटलं. जमतंय. कोणी शिकवलं नाही, कोणाचा हात नाही, तरी जमतंय. दुसरी ओढ. बाहेर भांडी वाजली आणि त्याला पेरूचं झाड दिसलं. विक्रमने गाल फुगवला. उत्तरा हसली. सुमंतचा हात आपोआप घट्ट झाला, आणि जे करू नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं तेच त्याने केलं. त्याने दाबलं. जबड्याच्या हाडावर गार काहीतरी सरकून गेलं. मग ते गरम झालं, आणि पांढऱ्या फेसातून तांबडं खाली उतरू लागलं. तुरटी कुठे ठेवली होती ते त्याला आठवेना. टॉवेल गालाला लावून तो बाहेर आला.

उत्तराने त्याला पाहिलं. हातातलं ताट तिने खाली ठेवलं नाही, ते पडलं. ती धावत आली, टॉवेल त्याच्या हातातून घेऊन जखमेवर दाबून धरला आणि म्हणाली, 'कळलं का तुम्हाले?' 'काय?' 'लागल्याचं. लागल्याचं कळलं का?' हा कसला प्रश्न? रक्त गळतंय आणि ही विचारते, कळलं का. पंधरवडाभराचं जे साठलं होतं ते सुमंतच्या तोंडून बाहेर पडलं, आणि त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हळू आवाजात पडलं. 'तुलेच जास्त कळते ना यातलं. कोणत्या रेझरचे दात उघडे, कोणता लागते. त्याची दाढी तूच करून देत होती ना? मग माझी काहून नाही कधी केली?' उत्तराने टॉवेलची घडी बदलली. त्याला वाटलं ती रागावेल, किंवा रडेल. तिने त्याला खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर जमिनीवर बसली, आणि एक हात वर करून टॉवेल धरून ठेवला.

'करून देत होती,' ती म्हणाली. 'शेवटल्या वर्षी. त्याच्या गाठीनं डावी बाजू गेली होती. हात तर गेलाच होता, पण गालही गेला होता. म्हणजे होता तिथं, पण त्याले कळे नाही. उजवा गाल तो स्वतःच करे, उजव्या हातानं, लय हट्टानं. कोणाले हात लावू देत नव्हता त्या बाजूले. आणि डावा तसाच सोडून दे. विसरून जाय, की आपल्याले अजून एक गाल आहे म्हणून. मग तो मी करू लागली. त्याच्याकडे त्याच्या बाबांचा रेझर होता, असाच, उघड्या दातांचा.' तिने टॉवेलची दुसरी बाजू जखमेवर धरली. 'एक दिवस तो मले खाणीतल्या भैयाजीची गोष्ट सांगत होता. हसवत होता. मी बी हसून राहिली होती. आणि पाहते तर उशी लाल. इथून इथपर्यंत कापलं होतं मी. आणि त्याले पत्ताच नाही. तो गोष्ट सांगूनच राहिला. मी ओरडली तर म्हणे, काय झालं वं?' तिने हे सांगताना सुमंतकडे पाहिलं नाही. ती त्याच्या गुडघ्याकडे पाहत होती. 'त्यानंतर मी बंद दातांचा आणला. पण दर वेळी वाटे, लागलं असन आणि याले कळलं नसन. दर वेळी. तुमचे फोड दिसत होते मले. पण रेझर हातात घ्यायचा म्हटलं की हात गार पडे.'

सुमंतला आता मोकळं वाटायला हवं होतं. पेरूचं झाड गेलं होतं, अंगण गेलं होतं, गाल फुगवणं गेलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या जागी जे आलं त्यावरही तो जळला. ती उशी, ते ओरडणं, तो बेसावध गाल. असलं काही आपल्याकडे नाही. आपण धडधाकट. आपल्याला पाठीला बाम लागतो, बस. आपण कशाचा हेवा करतो आहोत हे त्याला कळलं. तो म्हणाला, 'रक्त थांबलं का?' तिने पाहिलं. 'थांबलं.' 'मग उरलेली तू कर.' ती मान हलवून नको म्हणाली, मग उठून कपाटाकडे गेली. तिथून तिने एक डबी आणली. आत चकचकीत रेझर होता. 'दुसऱ्याच दिवशी आणून ठेवला होता,' ती म्हणाली. 'बापूजी म्हणे, संपले कोठून, ढीग पडला आहे. पितृपक्षात नवीन वस्तू काढू नाही म्हणून ठेवला. आणि तुम्ही असे तोंड फुगवून होते की द्यायची सोय नव्हती.' तिने पातं घातलं, फेस केला, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.

डावा गाल तिने इतका सफाईने केला की सुमंतला रेझरचं वजनही जाणवलं नाही. जखमेला वळसा घालून, बोटाने कातडी ताणून, ओठाच्या कोपऱ्यात नेमकं वळून. मध्येमध्ये ती ओढ थांबवून त्याच्या डोळ्यांत पाहायची, आणि मग पुढे जायची. हा हात विक्रमचा आहे, त्याच्या मनात आलं. ही बाजू विक्रमची आहे, आणि ती त्याचीच राहणार. कितीही फेस लावला तरी निघणार नाही. तिने रेझर पाण्यात बुडवला, झटकला, वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आली, आणि तिथेच थांबली. हात वर गेला, पुन्हा खाली आला. मनगट असं वळवून पाहिलं, तसं वळवून पाहिलं. 'काय झालं?' सुमंतने विचारलं. 'ही बाजू मी कधी केली नाही,' उत्तरा म्हणाली. 'ही तो स्वतः करे. इकडून कसं धरतात तेच समजून नाही राहिलं.' तिच्या आवाजात संकोच होता, नव्या नवरीसारखा, आणि सुमंतला तो आवाज ओळखीचा वाटला नाही. सहा वर्षांत त्याने तो ऐकलाच नव्हता. 'मलेही येत नाही,' तो म्हणाला. 'पाहू.'

तिने टेकवला. पहिली ओढ अर्ध्यावर सोडली. दुसरी फार वरून गेली, नुसता फेस निघाला. तिचा श्वास त्याच्या कानाशी लागत होता, दातांत जीभ धरली होती, आणि इतका सराईत हात आता पहिलीतल्या पोरासारखा रेघ धरायला धडपडत होता. सुमंतला वाटलं ही दाढी संध्याकाळपर्यंत चालावी. तेवढ्यात जबड्याच्या वळणावर तिचं मनगट अडखळलं आणि पातं किंचित आडवं गेलं. 'स्स्,' त्याने तोंडातून हवा ओढली. उत्तराचा हात हवेत राहिला.

'लागलं?' तिने विचारलं. फेसात एक बारीक लाल ठिपका वर येत होता, पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती सुमंतच्या तोंडाकडे पाहत होती, आता हे तोंड काय सांगतं याची वाट बघत. 'सांग ना, लागलं का तुले?'

तुले. हे तिने कोणाला विचारलं, असं सुमंतच्या मनात आलं. सवय जात नाही. मत्सराने आपली सुई पुन्हा बाहेर काढलीच. पण तिने कोणालाही विचारलं असलं, तरी उत्तर देता येणारा त्या खोलीत तो एकटाच होता.

'लागलं,' तो म्हणाला.

'खरंच लागलं?'

'होय वं. चांगलंच झोंबून राहिलं.'

उत्तरा हसली. डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून तिने ते खांद्याला पुसलं. 'नवीन हात आहे,' ती म्हणाली. मग त्याची हनुवटी धरून तोंड पुन्हा उजेडाकडे वळवलं. 'पुन्हा लागलं तर लगेच सांग.'

'सांगीन,' म्हणून सुमंतने उजवा गाल फुगवला.